धरमाती

सत्काराची शाल मला सहन होत नाही. ती माझ्याआधी कितीतरी खांद्यांवरून फिरून आलेली असते, तिला घामाचा आणि डांबरगोळ्यांचा वास असतो, आणि तीच अंगावर टाकून लोक टाळ्या वाजवतात. शिरवड्याच्या नगराध्यक्षांनी त्या दिवशी मला शाल दिली, नारळ दिला, आणि व्यासपीठावरच कासवी नदीच्या पाण्याचा ग्लास तोंडाला लावून घटाघट रिकामा केला. वर माईकसमोर ढेकर दिली. गाव हसलं, मला मळमळलं.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. ते पाणी पिण्याजोगं झालं होतं ते माझ्यामुळे. शिरवडे हे कापड रंगवणाऱ्यांचं गाव. माझ्या लहानपणी कासवी एक दिवस जांभळी असायची, दुसऱ्या दिवशी हिरवी. नदीच्या रंगावरून बायका ओळखायच्या की यंदा बाजारात कुठल्या रंगाच्या साड्या येणार. पाण्यावर साबणासारखा फेस, फेसात पोटं वर केलेले मासे, माशांवर घोंगावणाऱ्या माश्या. गावातली गटारंही त्याच ओढ्याला सोडलेली. ओढा नदीला मिळतो पायऱ्यांच्या घाटाच्या वर, आणि घाटाच्या खाली, हाकेच्या अंतरावर, गावाचं जॅकवेल, नळाचं पाणी उपसणारी विहीर. म्हणजे वरून सोडायचं आणि खालून उपसून प्यायचं. याचं कुणालाच काही वाटत नसे. मला वाटायचं, म्हणून मी रसायनशास्त्र शिकले.

मी वृषाली कुंभार. कुंभाराच्या घरात वाढल्यामुळे मातीकडे दुर्लक्ष करणं मला जमलं नाही. चिकणमाती भारी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर चिरोट्यासारखी दिसते, पदरावर पदर. त्या पदरांमध्ये सोडियमचे कण बसलेले असतात आणि ते पाण्याला जवळ ओढतात. कापडाचे रंग, फिनॉल, कारखान्यातली इतर तेलकट रसायनं यांचं मात्र पाण्याशी पटत नाही. ती पाण्यात नाइलाजाने राहतात, आणि साधी माती त्यांना थारा देत नाही. माझ्या प्रयोगशाळेत आम्ही सोडियम काढून त्याच्या जागी लांब शेपटीचे रेणू बसवले. त्यांचं डोकं मातीला चिकटतं आणि शेपटी दोन पदरांच्या मध्ये राहते. शेपटी तेलकट. म्हणजे मातीला आतून तेलकट अस्तर लागलं. आता पाण्यातून वाहत जाणारं विष हे अस्तर दिसलं की आत शिरतं आणि तिथेच मुक्काम ठोकतं.

ही कल्पना जुनीच होती. आम्ही फक्त त्या शेपट्या एकमेकींत गुंफल्या, त्यामुळे माती कितीतरी पट जास्त विष पोटात घेऊ लागली आणि एकदा घेतलेलं पाण्यात परत सोडीना. ढवळा, उकळा, आठवडेच्या आठवडे भिजत ठेवा, सोडीना. लोकांनी तिला धरमाती हे नाव दिलं. ओढ्याच्या तोंडावर प्रकल्प उभा राहिला, आणि कासवी पाण्याच्या रंगाची झाली.

पण विष नाहीसं होत नाही, ते पाण्यातून मातीत जातं एवढंच. भरलेली धरमाती म्हणजे विषाची पोती. ती डोंगरातल्या घाटापलीकडच्या मोठ्या भट्टीत, धूरसुद्धा जळून जाईल अशा आचेवर जाळायची, ही अट मीच घातली होती. वाहतुकीचा ठेका उदयसिंह घोरपड्यांकडे होता. चालकाविना धावणारे त्यांचे ट्रक ताडपत्री बांधून प्रकल्पातून निघत आणि घाटाच्या रस्त्याला लागत. पुढे भट्टीतच जात असणार असं मी धरून चालले होते.

चतुर्थी दोन दिवसांवर आली तेव्हा मी घरचा गणपती बघायला अवधूतकडे गेले. अवधूत माझा धाकटा भाऊ. वडिलांमागे मूर्तिशाळा त्यानंच चालवली, आणि त्याच्या मूर्तीच्या डोळ्यांना कुंभारवाड्यात तोड नाही. मी उंबऱ्यावरच थबकले. आत शेंगतेलाचा उग्र वास होता आणि त्याच्याखाली दुसरा एक, गोडूस, दवाखान्याच्या ओल्या फरशीसारखा, घशात जाऊन बसणारा. तो वास माझ्या प्रयोगशाळेचा होता.

"ये की अक्का, दारात काय हुबारलीस!" अवधूत खुशीत होता. "बघ तरी औंदाचा माल. नवा शाडू हाय, नदीशाडू म्हणत्यात. निळी झाक हाय का न्हाई? रंग बी कमी लागतोय. आनि तडा म्हणून जात न्हाई."

"कुणाकडून घेतलास?"

"घोरपड्यांकडनं. समद्या कुंभारवाड्यानं त्येंच्याकडनंच उचललाय. आधी लई छळलं बघ हिनं. पानीच पीत न्हाई. पान्यात मळली की नुस्ता भुगा. मग मीच डोस्कं चालवलं." त्याने मातीचा एक गोळा उचलून माझ्यापुढे धरला. तो चकचकत होता. "तेलात मळली. लोण्यागत झाली की! आता समदी मला इचारून तसंच करत्यात."

नदीशाडू म्हणजे माझी भरलेली धरमातीच होती. आम्ही धरमाती पाण्यात तपासली होती, आम्लात तपासली होती, उन्हापावसात ठेवून तपासली होती. तेलात तपासली नव्हती. नदी धुणाऱ्या मातीला कुणी शेंगतेल चोळील हे कुणाच्या डोक्यात येणार? तेल त्या अस्तराचं सख्खं भावंड. ते आत शिरतं, पदरांत दडून बसलेलं फिनॉल विरघळवतं आणि त्याला हाताला धरून बाहेर आणतं. मातीने जे पोटात घट्ट धरलं होतं, ते माझ्या भावाने हुशारीने तिच्या कातडीवर आणून ठेवलं होतं.

"वन्सं, लाडू घ्या," म्हणत मेघना, माझी भावजय, वाटी घेऊन आली. साचे भरायचं काम तिचं. मी तिची बोटं पाहिली. टोकं पांढरीफटक, भिजून फुगलेल्या साबुदाण्यासारखी, आणि तळव्याची साल पापुद्र्यापापुद्र्याने सुटत होती. एक पापुद्रा वाटीच्या काठाला चिकटला होता. लाडू याच हातांनी वळलेले होते. मी वाटी घेतली नाही.

"हाताला काय झालं?"

"काय न्हाई वो. दुखत बी न्हाई. उलट काय कळंनाच झालंय बघा. काल तव्याला बोट टेकलं, तर वास आल्यावर समजलं, भाजलंय म्हणून."

मी अवधूतला सगळं सांगितलं. आधी तो हसला, मग चिडला. "अक्का, परवा चतुर्थी हाय! निम्म्या मूर्ती घरोघर गेल्या. आनि तू आत्ता ह्ये सांगतीयास? वर्सभर काय खायचं आमी?" मी मेघनाचा हात त्याच्या हातात दिला. त्याने तिच्या तळव्याला नख रुतवलं. ती माझ्याकडे बघत उभी होती, तिला पत्ताच नव्हता. त्याने आणखी जोराने रुतवलं. मग तो पाटावर बसला.

"काय करायचं सांग," तो म्हणाला.

करायचं एकच होतं. या मूर्ती नदीत जाता कामा नव्हत्या. तेलाने सैल झालेलं विष पाण्यात पडताच सुटणार, घाटावरून थेट जॅकवेलमध्ये जाणार, आणि तिथे पाणी शुद्ध करायला म्हणून जे क्लोरीन घालतात ते फिनॉलला मिळालं की मूळ विषापेक्षा घाणेरडं विष तयार होणार. नळाला येणार तेच. म्हणून मूर्ती परत गोळा करायच्या आणि भट्टीत घालायच्या.

"गनपती? भट्टीत?" अवधूतने कानाच्या पाळ्यांना हात लावले.

"प्रतिष्ठा झाली आहे का अजून?"

त्याने समोरच्या मूर्तींकडे पाहिलं. त्यातल्या कित्येकांचे डोळे त्याने त्याच सकाळी आखले होते. "न्हाई," तो म्हणाला. "परवा सकाळपातूर मातीच हाय." मग तो उठला आणि मूर्ती अंगणात मांडायला लागला. माझ्या भावाचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

घोरपडे भेटले त्यांच्या कचेरीत. टेबलावर पितळी पिकदाणी, तिच्या काठावर सुकलेल्या लाल धारा. तोंडात मावा असल्यामुळे ते हनुवटी वर करून बोलत होते, आणि बोलताना एक थेंब माझ्या बाहीवर उडाला. "मॅडम, तुमीच छापलंय न्हवं, माती पान्यात काय सोडत न्हाई म्हणून? मग जाळायची कशापायी? ट्रक घाटाच्या अलीकडंच रिकामं व्हत्यात. मातीचा देव केला आमी. पुन्यच की वो!" ते हसले तेव्हा दातांमधला लाल लगदा दिसला. मी बाही धुवायला बाहेर पळाले. मुख्याधिकाऱ्यांकडे गेले, तर त्यांनी मला चहा पाजला आणि सणाच्या तोंडावर असा विषय काढू नये असं सुचवलं. सण झाल्यावर समिती नेमतो म्हणाले. जॅकवेलचे पंप बंद ठेवा म्हटलं, तर ऐन सणात पाणी बंद केल्यास लोक नगरपालिका जाळतील म्हणाले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग मी आणि अवधूत घरोघर फिरलो. अवधूत प्रत्येकाला सांगत होता की मूर्ती परत द्या, पैसे परत घ्या. मी रसायनं सांगत होते. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. कुणी म्हणालं दुसऱ्या कुंभाराने फूस लावली असेल. कुणी म्हणालं अवधूतच्या मूर्तीत खोट निघाली असेल आणि बहीण सावरून घेत असेल. एका घरी बाई दारातच उभ्या राहून विचारू लागल्या, "ते असू द्या, पण मोदकाला नळाचं पाणी चालेल ना?" आतून मुलांच्या हसण्याचा आवाज येत होता. मूर्ती पाटावर रुमालाखाली झाकलेली होती, आणि त्या खोलीत तो गोडूस वास भरून राहिला होता. त्यांना तो नव्या मूर्तीचा वास वाटत होता. धाकटी मुलगी पाटाशी बसून मूर्तीच्या पायाला गाल लावत होती. मी तिला ओढून बाजूला केलं, तर बाईंना राग आला.

दुसऱ्या दिवशी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, दुपारपर्यंत एकही मूर्ती परत आली नव्हती. शेवटचं घर देशिंगकर काकांचं. काका बँकेत मॅनेजर होते, वडिलांचे स्नेही, मला शिकायला पुण्याला पाठवा म्हणून वडिलांच्या मागे लागणारे तेच. माझं ऐकतील तर ते, असं मला वाटलं.

"फिनॉल म्हणजे ते फरशी पुसायचं?" काका म्हणाले. "मग चांगलंच की. जंतू मरतात."

"काका, हे विष आहे. कातडीतून अंगात जातं."

"अगं, देवाच्या मूर्तीला कसलं विष आलंय? आणि दहा दिवसांचा तर पाहुणा. उगीच गावात घबराट करू नकोस वृषाली. शिकलेल्या माणसानं तारतम्य ठेवावं." बोलता बोलता त्यांनी रुमाल सारून मूर्तीच्या सोंडेवरून मायेने हात फिरवला. बोटाला तेल लागलं ते त्यांनी मिशीला पुसलं.

मला शिसारी आली. त्या मिशीची आली, त्या समंजस आवाजाची आली, दोन दिवस ऐकलेल्या सगळ्याच शहाणपणाची आली. माझा तोल गेला.

"काका, ही माती गटाराची आहे," मी म्हणाले. "तुमच्या संडासाचं पाणी या मातीतून गाळलंय. सगळ्या गावाच्या संडासाचं. त्याचा गणपती केलाय."

काकांचा हात जागच्या जागी थांबला. मग तो झटकन मागे आला. त्यांनी तो लेंग्याला पुसला, पुन्हा पुसला, मिशी पुसली. आतून काकू ओरडल्या, "अहो, देवघरात! माझ्या देवघरात ठेवलंत ते!" काका मोरीकडे पळाले आणि पाणी ओतल्याचा आवाज यायला लागला.

मी खोटं बोलले नव्हते. ओढ्यात गटारं होतीच, ती प्रकल्पातून जातच होती. त्या मातीतली सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट कुठली असेल तर ती हीच, पण मला मार्ग सापडला होता. मी तिथेच दारात उभी राहून फोनवर तेवढंच रेकॉर्ड केलं, आणि गावातल्या प्रत्येक आळीच्या गटावर धाडून दिलं. फिनॉलचं नाव ऐकून जांभया देणारं गाव संडास म्हटल्याबरोबर ताडकन उभं राहिलं. अवधूतचा फोन खणाणत राहिला, शिव्या खात तो सगळ्यांना सांगत राहिला की होय, खरं आहे, मूर्ती घेऊन या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं, पण झालं नाही. मला बरं वाटत होतं.

आम्ही अंगणात ताडपत्र्या अंथरल्या. भट्टीवाल्यांचा ट्रक मी मागवून घेतला होता, तो मागचं फळकं उघडून उभा होता. मेघनाने हातमोजे घातले होते. थोड्याच वेळात लोक येताना दिसले. घराघरांतून माणसं बाहेर पडत होती, प्रत्येकाच्या हातात पाट, पाटावर रुमालाने झाकलेली मूर्ती. कुणी टोपी घातलेली नव्हती, झांज नव्हती, गुलाल नव्हता. नाकाला पदर लावून, हात लांब करून, तोंड फिरवून सगळे चालले होते. अख्खं गाव येत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

चौकात आल्यावर ते वळले.

"अक्का," अवधूत म्हणाला, "ती हिकडं येत न्हाईत."

चौकातून उजवीकडे कुंभारवाडा आणि डावीकडे नदीचा उतार. ते उतार उतरायला लागले होते. भंगलेली, विटाळलेली मूर्ती घरात ठेवायची नसते, तिचा अंगणात ढीग घालायचा नसतो, ती लगोलग वाहत्या पाण्यात सोडायची असते. हे शिरवड्यात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कुंभाराच्या पोरीला, इतकं शिकून, ते आठवलं नव्हतं.

आम्ही धावत घाटावर पोचलो तेव्हा पहिल्या मूर्ती पाण्यात गेल्या होत्या. अवधूत कपड्यांनिशी नदीत उतरला आणि कमरेइतक्या पाण्यात हात पसरून उभा राहिला. "अवो नगा! पाया पडतो, नगा सोडू!" त्याच्या दोन्ही बाजूंनी मूर्ती येत होत्या. दहा दिवसांत, वेगवेगळ्या दिवशी, थोड्याथोड्या गेल्या असत्या त्या सगळ्या एका तासात जात होत्या. ती माती साध्या शाडूसारखी विरघळत नव्हती. ती उकलत होती, आणि उकलली की आतून जांभळट तेलकट तवंग निघून पसरत होता. अवधूतने आखलेले डोळे पाण्यावर सोलून आल्यासारखे तरंगत होते. वास इतका दाटला की मला पायरीवरच ओकारी झाली. घाटावरच्या फलकावर पाण्याची शुद्धता दाखवणारा हिरवा आकडा लाल झाला होता. तिकडे कुणी पाहत नव्हतं.

देशिंगकर काका पायऱ्या उतरत होते. तोंडाला पंचा बांधलेला, मूर्ती हातभर लांब धरलेली. मी त्यांच्या आडवी गेले.

"काका, नदीत नका टाकू. खाली जॅकवेल आहे. आपण सगळे हेच पाणी पितो."

काकांनी पंचा खाली केला. ते माझ्यावर रागावलेले नव्हते. माझ्या डोक्यावर परिणाम झाला असावा अशी काळजी त्यांच्या चेहऱ्यावर होती.

"तूच म्हणालीस ना, ही घाण आहे म्हणून?"

"हो काका, पण..."

"मग घाण नदीत नाही टाकायची तर कुठं टाकायची?"

ते उत्तरासाठी थांबले होते. खरोखरच थांबले होते. माझ्या तोंडाला ओकारीची आंबट चव होती. अंगणात ट्रक उभा आहे एवढंही मला सांगता आलं नाही. काका माझ्या कडेने पुढे गेले, गुडघ्याइतक्या पाण्यात उभं राहून त्यांनी मूर्ती सोडली आणि ती बुडेपर्यंत हात जोडले. मग त्यांनी तिथेच, त्या जांभळ्या तवंगात, दोन्ही हात कोपरापर्यंत चोळून धुतले, मिशी धुतली, आणि शुद्ध व्हायचं म्हणून ओंजळ भरून पाणी प्यायले.